तेरावा कप

आमच्या घरात एकूण तेरा कप आहेत. त्यातले बारा चहाचे. सहा रोजच्या वापरातले, पैकी दोघांचे कान उडालेले. आणि सहा पाहुण्यांसाठी काचेच्या कपाटात मांडून ठेवलेले. लग्नात आहेर म्हणून आल्यापासून त्यांना चहाची चव फारशी कळलेली नाही. तेरावा मात्र कपाटात नाही आणि फळीवरही नाही. तो माझ्या साड्यांच्या मागे एका सुती पिशवीत असतो. त्याला कान नाही, बशी नाही. देवघरातली घंटा उलटी धरावी तसा त्याचा आकार, रबरासारखा मऊ अंग आणि बुडाला एक बोटभर शेपटी. हा पाळीचा कप.

फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचायच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणाला वाटेल. पण मला विचाराल तर ह्या विषयाची आठवण दिवाळीइतकी दुसऱ्या कुठल्याच सणाला होत नाही. लक्ष्मीपूजनाला कोणाची 'अडचण' येणार, पाडव्याला कोणाची सुटणार, ह्याचा हिशेब घरोघरच्या बायका कॅलेंडरवर बारीक फुल्या मारून महिनाभर आधी मांडतात. कोणी गोळ्या घेऊन तारीख पुढे ढकलतात. तेव्हा विषय दिवाळीचाच आहे. फक्त तो आजवर कॅलेंडराच्या कोपऱ्यात राहिला, इतकेच.

हा कपही दिवाळीतच घरात आला. भाऊबीजेला पुण्याची भाची आली होती. तिने माझ्या हातात एक लहानशी पेटी ठेवली आणि म्हणाली, "मावशी, ही तुला ओवाळणी. उलटी ओवाळणी समज." मी पेटी उघडली, बघितले आणि आधी दार लावून घेतले. त्रेचाळीस वर्षांची बाई मी, दोन मुलांची आई. पण त्या क्षणी चोरून आणलेल्या कैऱ्या आईने पाहिल्यावर पोरगी जशी लाजते तशी लाजले.

भाचीने मला शिकवणी दिली. पॅड किंवा कापड रक्त शोषून घेते. हा शोषत नाही, नुसता साठवतो. घडी करून योनिमार्गात बसवायचा, आत गेला की तो उमलतो आणि कडेने घट्ट बसतो. साधारण वीस-तीस मिलीलिटर मावते. बारा तासांच्या आत काढायचा, ओतायचा, धुवायचा, पुन्हा बसवायचा. पाळी संपली की पाण्यात उकळून ठेवायचा. नीट सांभाळला तर वर्षानुवर्षे टिकतो. माझा वर्षाचा हिशेब तिने बोटांवर केला : महिन्याला पंधरा पॅड धरले तरी वर्षाला एकशेऐंशी. ते जातात कुठे? तिच्या पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक बायकांना ते उघड्या हातांनी निवडावे लागत, म्हणून वापरलेले पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची मोहीमच तिथे निघाली होती. हे ऐकल्यावर मी गप्प झाले.

हे काहीतरी आजकालचे खूळ असेल अशी माझी समजूत होती. तीही खोटी निघाली. लिओना चाल्मर्स नावाच्या अमेरिकन नटीने अशा रबरी कपाचे पेटंट १९३७ साली घेतले होते. त्या वेळी आपल्याकडे र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवीत होते आणि शरीराविषयी उघड लिहिल्याबद्दल कोर्टाच्या पायऱ्या चढत होते. पुढे महायुद्धात रबराचा तुटवडा पडला आणि तो कप मागे पडला. आताचे कप सिलिकोनचे असतात. म्हणजे ही वस्तू माझ्या सासूबाईंपेक्षाही वयाने मोठी. आमच्या नंदुरबारला पोचायला मात्र तिला ऐंशीहून अधिक वर्षे लागली.

आता खरी गोष्ट सुरू होते. ती आमच्या न्हाणीघरात.

आमचे घर जुन्या गावातले. न्हाणीघर मागच्या अंगणात. दाराला आतून कडी आहे, पण ती धक्का दिला की निघते, हे घरातल्या सर्वांना ठाऊक आहे. नळ ठरलेल्या वेळी येतो, एरवी बादली आणि तांब्या. पहिल्या दिवशी सकाळी सहाला मी आत गेले. कप ओला केला, भाचीने दाखवल्याप्रमाणे काठ आत दाबून घडी केली. आणि ती बोटांतून सटकली. कप टुणकन उडाला आणि मोरीच्या कोपऱ्यात जाऊन पडला. पुन्हा धुणे आले, उकळणे आले. दुसऱ्या खेपेला बसला, पण आत जाऊन उमललाच नाही. शाळेत तिसऱ्या तासाला मला ते कळले. फळ्याकडे पाठ करायची माझी हिंमत होईना. पोरांना सारे गणित तोंडी घातले.

संध्याकाळी काढायची वेळ आली तेव्हा तर माझे धाबेच दणाणले. शेपटी बोटाला लागेना. तो पार वर पोटात तर गेला नाही ना, अशी भीती वाटली. बाहेरून धाकटा ओरडतोय, "आई, किती वेळ!" कडी हलतेय. मी घामाघूम. शेवटी भाचीचे शब्द आठवले : वाट पुढे बंद आहे, गर्भाशयाचे तोंड इतके बारीक असते की कप त्यातून जाऊच शकत नाही, तेव्हा घाबरायचे नाही. उकिडवे बसायचे, अंग सैल सोडायचे, खाली जरा जोर करायचा. आणि शेपटी धरून ओढायचे नाही. बूड चिमटीत दाबायचे म्हणजे आतली हवा सुटते आणि कप आपण होऊन येतो. तसे केले आणि आला. त्या दिवशी मला पहिल्या बाळंतपणानंतर वाटला होता तसा अभिमान वाटला. फरक एवढाच की बर्फी वाटता आली नाही.

असे तीन महिने गेले. पहिल्या महिन्यात मी त्या कपाला आणि भाचीला मनातल्या मनात पुष्कळ बोलले. दुसऱ्या महिन्यात नखे कापायला शिकले. बसवल्यावर बोट फिरवून तो उमलला की नाही ते पाहायला शिकले; लांब शेपटी टोचत होती ती थोडी कापून टाकली. तिसऱ्या महिन्यात एस्टीने धुळ्याला जाऊन आले आणि स्टँडावरच्या संडासात पाय ठेवावा लागला नाही. पुढे वाचले की 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' ह्या नियतकालिकात २०१९ साली त्रेचाळीस अभ्यासांचा आढावा आला होता, त्यात सुमारे तेहतीसशे बायकामुलींचा अनुभव होता. तिथेही हेच : हात बसायला काही महिने लागतात, आणि एकदा जमल्यावर दहातल्या सातजणींना तो सोडावासा वाटत नाही. माझ्यासारख्या गोंधळलेल्या बायका जगभर आहेत हे वाचून जितके बरे वाटले, तितके कप जमल्यावरही वाटले नव्हते.

एक गोष्ट मात्र जमत नव्हती. उकळणे.

कप साड्यांमागे लपवता येतो, पण गॅस लपवता येत नाही. आमच्या स्वयंपाकघरात पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत कोणी ना कोणी असतेच. मी एक लहानसे दांडीचे पातेले वेगळे काढले आणि सगळे झोपल्यावर अकरा वाजता चोरासारखी उकळायला लागले. दहा मिनिटे पाणी खळखळत असताना खोकला आला तरी दाबायचा. मग पातेले घासून फळीच्या मागच्या रांगेत.

एका रविवारी पहाटे 'हे' लवकर उठले. मला उठवायला नको, असा दुर्मिळ विचार त्यांच्या मनात आला आणि एकट्याच्या चहाला सोयीचे म्हणून नेमके तेच पातेले त्यांनी शोधून काढले. मी डोळे चोळत आले तेव्हा ते अर्धा कप पिऊन झाले होते. "अहो!" मी इतक्या जोरात ओरडले की सासूबाई जप टाकून बाहेर आल्या. तसे पाहिले तर पातेले स्वच्छ घासलेले, त्यात पाण्याखेरीज काही उकळले नव्हते. चहाला काही झाले नव्हते. पण ओरडून बसले होते, आता कारण सांगणे भाग होते. मी सांगितले. हे चहाकडे, मग माझ्याकडे, मग छताकडे पाहत राहिले आणि "पेपर आला का बघतो" म्हणून उठून गेले. पेपर यायला अजून तासभर होता.

सासूबाई राहिल्या. त्या मूळच्या तळोद्याकडच्या, मनातले बोलायचे असले की अहिराणीवर येतात. "हाई काय शे वं माय? दखाड," म्हणाल्या. मी पिशवी आणून कप त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो दाबून पाहिला, उजेडाकडे धरला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटले, आता सोवळ्याओवळ्याची पोथी उघडणार. लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हा चार दिवस देवघराकडे फिरकायचे नाही हा नियम त्यांनीच मला सांगितला होता, आणि मी तो मुकाट्याने पाळला होता.

त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी जुन्या लुगड्याच्या चिंध्या. चार दिवस गोठ्याशेजारच्या खोलीत. धुतलेली चिंधी वाळत घालायची ती परकराच्या खाली, कोणाला दिसू नये म्हणून. पावसाळ्यात वाळायचीच नाही, तशीच ओली घ्यायची. मांड्या सोलून निघायच्या. आईला सांगितलं तर ती म्हणायची, सगळ्यांचंच असं असतं." मग थोडे थांबून, "तुलाही मी तेच सांगितलं असेल."

सांगितले होते. मी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही.

दुपारी त्यांनी आपली पेटी उघडली आणि तळातून एक लहान स्टीलचे पातेले काढून माझ्यापुढे ठेवले. रुखवतातले. काठाखाली त्यांचे नाव घातलेले. "हे घे. ह्याच्यावर माझं नाव आहे, ह्यात कोणी चहा करणार नाही. आणि रात्री अकराला कशाला उकळतेस? दिवसा उकळ. दुपारी गॅस मोकळा असतो."

इथे ही गोष्ट संपली असती. पण नंदुरबार म्हणजे मिरची.

आमच्या गावाबाहेर मोसमात मिरचीच्या पथाऱ्या पडतात. मैदानेच्या मैदाने लाल. वारा गावाकडे वळला की शाळेत प्रार्थनेच्या वेळी सगळा वर्ग एका सुरात शिंकतो. फाल्गुनात आम्ही वर्षाचे तिखट करतो. त्या दिवशी मी चार किलो मिरचीचे देठ खुडले. नेमका माझा दुसरा दिवस होता. संध्याकाळी साबणाने तीनदा हात धुतले, वास घेऊन पाहिला आणि न्हाणीघरात जाऊन कप काढला.

पुढच्या तासाभराचे वर्णन मी करणार नाही. मिरची जिभेला लागली तर माणूस पाणी मागतो, गूळ मागतो, निदान 'हाय हाय' तरी करतो. मला काहीच करता येईना. तांब्यावर तांब्या गार पाणी ओतले. आग कमी होण्याऐवजी पसरली. बाहेरून मुले विचारतात, "आई, रडतेस का?" आणि मी आतून सांगते, "तिखट डोळ्यात गेलंय."

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींच्या नजरेतून माझे चालणे सुटले नाही. मोसमात त्या सकाळची घरे उरकून पथारीवर देठ काढायला जातात. त्यांना खरे सांगितले. त्या इतक्या हसल्या की हातातली कढई खाली ठेवावी लागली.

"ताई, साबणानं मिरची जाती का? आधी तेल चोळायचं. चांगलं कोपरापर्यंत. मग पिठानं पुसायचं, मग साबण. आम्ही पथारीवरून गेल्यावर तेल लावल्याशिवाय लेकराच्या डोळ्याला हात लावत नाही."

तिखटपणा ज्या द्रव्यात असतो तो पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, हे मी आठवीच्या पोरांना शिकवू शकले असते. करून मात्र मावशी रोज बघत होत्या.

हसणे ओसरल्यावर त्यांनी कपाविषयी बारीकसारीक विचारले. मी शिक्षिका, विचारले की मला चेव येतो. पण थोड्या वेळाने माझ्या लक्षात आले की मी त्यांना शिकवण्याऐवजी परावृत्तच करते आहे. पथारीवर हात मिरचीचे. तिथे आडोसा नाही. पिंपातले पाणी प्यायलाच पुरते. "तुम्हाला नाही जमायचं," असे मी म्हणणार इतक्यात त्या म्हणाल्या, "म्हणजे एकदा घातला की संध्याकाळपर्यंत पाहायला नको?"

"बारा तास नको."

"मग चांगलंय की. सकाळी घरून घालून निघायचं, तेव्हा हात स्वच्छच असतात. दिवसभर तिथं हातच लावायचा नाही. संध्याकाळी घरी येऊन तेल लावू, अंघोळ करू, मग काढू. आता तर सकाळी घेतलेलं कापड संध्याकाळपर्यंत तसंच असतं. बदलायला जागा कुठाय? मिरचीची धूळ, घाम आणि वर ते कापड."

मी ज्याला अडचण समजत होते तीच त्यांची सोय होती. मी गप्प बसले.

भाचीला कळवून दुसरा कप मागवला, निळ्या रंगाचा. माझा पांढरा, म्हणजे घोटाळा नको. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरांना त्यांनी आधी विचारावे, एवढा आग्रह मी धरला. कारण तांबी बसवलेली असेल तर कप काढताना तिचा दोरा ओढला जाण्याची भीती असते, आणि आत काही दुखणे असेल तर आधी तपासून घेतलेले बरे. मावशींचे ऑपरेशन झालेले होते. सिस्टर म्हणाल्या, वापरा. मावशींनी कप नेला. मग दोन महिने अवाक्षर नाही. मीही विचारले नाही; जमले नसेल आणि भीड पडत असेल, असे वाटले.

वैशाखात एक दिवस भांडी घासून झाल्यावर त्या ओट्याशी घुटमळल्या. पदराच्या गाठीतून निळा कप काढला. "ताई, जमतंय मला. पहिल्या दोन खेपा वाया गेल्या, पण आता जमतंय. एकच आहे. आमची एक खोली. गॅस सगळ्यांसमोर. सासू, दीर, पोरं. काय उकळतेस म्हणून विचारतील. नुसत्या गरम पाण्यानं धुते, पण तुम्ही सांगितलं होतं उकळायला पाहिजे. इथं उकळलं तर चालंल का?"

मी लगेच 'हो' म्हणाले नाही. हे लिहायला मला जड जाते, पण ह्या लेखात खरे सांगायचे ठरवले आहे. ज्या बाईच्या हातची घासलेली भांडी मी बावीस वर्षे वापरते, जिने माझी मुले अंगाखांद्यावर खेळवली, तिचा कप माझ्या गॅसवर, ह्या कल्पनेने मी क्षणभर थबकले. लॅन्सेट वाचणारी, भाचीचे कौतुक करणारी मी. केरळात आलप्पुळा नगरपालिकेने २०१९ साली पाच हजार कप वाटले आणि वापरायलाही शिकवले. एर्नाकुलम जिल्ह्यातले कुंबळंगी गाव जानेवारी २०२२ मध्ये सॅनिटरी नॅपकिनमुक्त म्हणून जाहीर झाले. ह्या बातम्या मी शाळेच्या शिक्षिकाकक्षात मोठ्या उत्साहाने वाचून दाखवल्या होत्या. आणि आता एका पातेल्यापाशी अडले होते.

खाली बसून कोथिंबीर निवडणाऱ्या सासूबाईंनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "वरच्या फळीवर माझं नाव घातलेलं पातेलं आहे, ते घे. पाणी भरपूर घाल, कप बुडला पाहिजे, बुडाला टेकू देऊ नको. घड्याळ बघून दहा मिनिटं."

मी पातेले काढले. मावशींनी पाणी घातले. आम्ही तिघी त्या पाण्याला उकळी यायची वाट पाहत उभ्या राहिलो, म्हणजे सासूबाई बसून होत्या. दहा मिनिटे फार असतात. मावशींनी पथारीवरच्या मुकादमाची गंमत सांगितली, सासूबाईंनी गोठ्याशेजारच्या खोलीत एकदा साप निघाला होता त्याची. मी ऐकत होते. मला सांगण्यासारखे काही सुचत नव्हते.

तेव्हापासून महिन्यातून एकदा दुपारी निळा कप आमच्याकडे येतो. आपले पाणी वेगळे, माझे वेगळे. एकाच पाण्यात दोन कप घालायचे नाहीत, हा नियम सासूबाईंचा. न्हाणीघराची कडीही ह्यांनी सुतार बोलावून पक्की करून घेतली. मी सांगितले नव्हते. "कधीची ढिली झाली होती," एवढेच म्हणाले.

ह्या दिवाळीत भाची पुन्हा यायची आहे. घरात आता तेरा कप आहेत असे मी तिला सांगते तेव्हा हिशेब चुकतो, हे मला माहीत आहे. निळा धरला तर महिन्यातून दहा मिनिटे चौदा होतात. आणि रविवारी पहाटे स्वयंपाकघरातून हल्ली एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "अगं, हे पातेलं चहाचंच ना?"